मुठीचा खटका

नवऱ्याचं नाव तोंडानं घेऊ नये म्हणतात. मी घेते. काकासाहेब. लग्नात उखाण्यात घेतलं तेव्हा लाजून घेतलं होतं, आता रागानं घेते, आणि कुणी ऐकलं तरी मला काही वाटत नाय. ज्या माणसानं एका पिस्तुलापायी पोटच्या लेकीचं माहेर पणाला लावलं, त्याला ‘आमचे हे’ म्हणायला माझी जीभ वळत नाय.

माणूस गंगापूरकडचा. घरचा ऊस होता, विहीर होती, पण शेतात याचं मन कधी रमलं नाय. त्यात डावखुरा. डावखुऱ्या पोराला आमच्याकडं जे भोगावं लागतं ते यानं सगळं भोगलं. बापानं जेवताना डावा हात पाठीशी बांधून ठेवला. मास्तरनं बोटांवर पट्टी मारली. देवळात प्रसादाला डावा हात पुढं केला तर पुजाऱ्यानं ताटच मागं घेतलं. हे मला सासूनं सांगितलं, आणि ऐकताना मला दया आली होती, खोटं कशाला बोलू. पुढं फौजेत गेला तर तिथंही बंदूक उजव्याच खांद्याला लावायला लावली. सगळं जग उजव्यांनी उजव्यांसाठी केलंय, असं हा माणूस सांगतो. खरंय ते. पण म्हणून त्याचा सूड घरात उगवायचा असतो व्हय?

फौजेतून नाईक होऊन पेन्शनीत आला. इथं शहराच्या सातारा परिसरात दोन खोल्यांचं घर बांधलं, पुढं ओटा, ओट्याला लागून अंगण. पेन्शन येत होती, गावाकडचा वाटा येत होता. निवांत बसायचं तर म्हणे, नाय, मी गनमॅन होणार. परवाना काढला आणि एका बिल्डरकडं लागला. बिल्डर गाडीतून उतरला की हा मागं उभा. कमरेला पिस्तूल, डोळ्याला काळा चष्मा. त्याच बिल्डरकडं दुसरा गनमॅन करीमभाई, आमच्याच गल्लीतला. त्याची बायको बिल्किस माझी मैत्रीण. तिचं दुःख आणि माझं दुःख एकाच मापाचं होतं, कारण दोघांचे नवरे रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून पिस्तुलावर भांडायचे.

पिस्तुलाच्या धंद्यातलं मला काही कळत नव्हतं. पण रोज कानावर पडलं की दगडालाही कळतं.

काकासाहेबांचं पहिलं पिस्तूल देशी, सरकारी कारखान्यातलं होतं. त्याची सेफ्टी, म्हणजे खटका, डाव्या अंगाला. उजव्या हातात धरलं की अंगठा बरोबर खटक्यावर येतो, खाली ढकलला की पिस्तूल उडायला तयार. डाव्या हातात धरलं की अंगठा पडतो रिकाम्या अंगाला. मग दुसरा हात लावायचा, नायतर बोट वाकडं करून खटका चाचपायचा. शिवाय मूठ आखूड, करंगळी खाली लोंबायची. हा माणूस रोज शिव्या घालायचा. लाटणं हातात घेऊन मला दाखवायचा, मूठ कशी भरली पाहिजे, तळवा कुठं टेकला पाहिजे. मी म्हणायची, पोळ्या करायच्या असतील तर करा, नायतर लाटणं द्या इकडं.

मग यानं ते विकलं आणि पैठणच्या एका जुन्या जमीनदाराच्या घरातून एक विलायती पिस्तूल घेतलं. आजोबाच्या काळातलं, काळंभोर, चपटं. त्याच्या मुठीला मागच्या अंगानं एक पोलादी पट्टी होती. मूठ आवळली की पट्टी आत जाती आणि चाप चालतो. मूठ सैल केली की पट्टी आपोआप बाहेर येती आणि चाप मुका होतो. कितीही ओढा, हलत नाय. मुठीचा खटका म्हणायचा त्याला. डावा काय नि उजवा काय, मूठ ती मूठच. त्या दिवशी हा माणूस इतका खूश होता की पेढे वाटले. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी डाव्या हाताला माणसात धरलं होतं, असं म्हणाला. त्या पिस्तुलालाही अंगठ्याचा खटका होता, तोही मेला डाव्याच अंगाला. तो यानं कायमचा सोडून ठेवला. “मला लागत नाय,” म्हणे. “माझी मूठ हाय ना.”

करीमभाईचं पिस्तूल नव्या तऱ्हेचं. मूठ प्लास्टिकची, मागचा तुकडा काढून हाताच्या मापाचा दुसरा बसवता येतो. बाहेरून खटका कुठंच नाय. चापाच्या मधोमध एक बारीक जीभ, तिच्यावर बोट नीट पडलं तरच चाप मागं येतो.

“बिनब्रेकची गाडी हाय ही,” काकासाहेब म्हणायचे.

“ब्रेक हाय, भाऊ,” करीमभाई म्हणायचा. “पण तो तुमच्या उंगलीत हाय. उंगली चापाच्या बाहेर ठेवा, बस. खटके कितीही लावा, उंगली आत गेली की सगळं बेकार.”

“आणि झटापटीत? कुणी हिसकावलं तर?”

“झटापटीत तुम्ही आधी खटका शोधणार का?”

“माझा खटका शोधावा लागत नाय. हातात घेतलं की सुटतो, हातातनं गेलं की बसतो.”

असं चहा थंड होईस्तोवर. कुणाचा खटका वर केला की सुटतो, कुणाचा खाली केला की. कुणाला मुठीवर खवले पाहिजेत, कुणाला रबर. मी आणि बिल्किस आत लसूण सोलत बसायचो. ती म्हणायची, “आशाताई, या दोघांना एकमेकांची पिस्तुलं देऊन टाका, दोघं भांडून मरतील तरी.” मी म्हणायची, मरत नायत गं, असले लोक आपल्याला मारून मग मरतात. थट्टेत म्हणत होतो.

आता त्या खेळाचं सांगते, ज्याच्यामुळं हे सगळं झालं. काकासाहेबांना एक नाद लागला. कुणी पाव्हणा आला की पिस्तूल काढायचं, उजव्या हाताच्या दोन बोटांत वरून चिमटीत धरायचं, मुठीला हात न लावता, आणि पाव्हण्याला म्हणायचं, “भरलेलं हाय. ओढ चाप.” पाव्हणा घाबरायचा. हा हसायचा. “ओढ रे, मूठ आवळल्याबिगर उडत नाय.” पाव्हणा भीत भीत चाप ओढायचा, काही व्हायचं नाय, आणि याची छाती फुगायची. मी हात जोडले, पाया पडले, जेवण बंद केलं. पालथ्या घड्यावर पाणी.

करीमभाईसुद्धा तेव्हा उठून जायचा. “भरल्या पिस्तुलाशी खेळ नाय, भाऊ,” एवढं म्हणायचा. त्याच्या म्हणण्यानं तर याला जास्तच चेव यायचा.

आमची एकुलती एक लेक श्रेया. दिली वाळूजला, जावई प्रणय कंपनीत सुपरवायझर, व्याही पाचोडचे, साधी माणसं. पहिल्या दिवाळसणाला जावई आला. ओवाळणी झाली, पुरुषांची जेवणं झाली आणि या माणसानं जावयापुढं पिस्तूल धरलं. “ओढा चाप, जावईबापू.” त्या पोराचा चेहरा पांढरा पडला. सासऱ्याला नाय कसं म्हणायचं, म्हणून बिचाऱ्यानं डोळे मिटून चाप ओढला. नाय उडलं. काकासाहेब खदाखदा हसले. श्रेया ताटावरून उठली ती थेट गाडीत जाऊन बसली.

पुढं तिला दिवस गेले. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी करतात, हे काही सांगायला नको. मी डिंक आणला, खारीक आणली, जुन्या लुगड्यांच्या दुपटी शिवायला घेतल्या. आणि तिचा फोन आला.

“आई, ते पिस्तूल घरात असेस्तोवर मी तिथं बाळ जन्माला घालणार नाही.”

मी तिला समजावलं नाय. मला पटलं होतं. मी या माणसाला सांगितलं, एक तर पिस्तूल, नायतर लेक.

“नोकरी हाय माझी ती.”

“सोडा नोकरी. पेन्शन येती. उपाशी मरत नाय आपण.”

“बिनपिस्तुलाचा मी म्हंजे वॉचमन,” म्हणाला. “काठी घेऊन उभा राहू का गेटावर?”

“राहा. काठीनं कुणाचा नातू मरत नाय.”

त्या दिवसापासून आमचं बोलणं कामापुरतं उरलं. वाढा, उचला, गॅस संपला, एवढंच.

मधे दसरा आला. शस्त्रपूजा हा माणूस कुणाला करू देत नाय, बायकांना तर जवळ येऊ देत नाय. पाटावर लाल कापड, त्यावर पिस्तूल. कुंकू पाण्यात कालवून त्याचा गंध केला आणि मुठीला, नळीला, चापाला बोटानं फासला. हळद, अक्षता, वर झेंडूचं फूल. समोर नारळ फोडला तेव्हा पाणी सगळ्या पिस्तुलावर उडालं. दरवर्षी दसरा झाला की दुसऱ्या दिवशी तो ते उघडून, तेल घालून, लख्ख पुसून ठेवायचा. फौजेची सवय. या वर्षी करीमभाई सोनं द्यायला आला. हातात आपट्याची पानं देता देता म्हणाला, “भाऊ, आतून साफ करा बरं का. नारळाचं पाणी गेलंय, चिकट होतं ते.”

संपलं. करीमनं सांगितलं म्हणजे आता करायचं नाय. “देवाच्या कुंकवानं खटका अडत नसतो,” काकासाहेब म्हणाले. “तुमच्या प्लास्टिकला अडत असंल.” वरून फडकं मारलं आणि कमरेला लावलं. सुंभ जळंल पण पीळ जायचा नाय.

दिवाळी झाली आणि श्रेयाला सातवा लागला. आता मला राहवेना. मी व्याह्यांना फोन करून डोहाळजेवण आमच्याकडं ठरवलं, आणि ओटी भरली की पोरगी इथंच राहील, असं सांगून टाकलं. श्रेयानं परत तेच विचारलं, पिस्तूल गेलं का घरातनं. मी काकासाहेबांपुढं उभी राहिले आणि म्हणाले, शेवटचं विचारते. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून बाहेर गेला, दुपारी आला, आणि म्हणाला, “बंदुकीच्या दुकानात ठेवून आलो. तिचं बाळंतपण होईस्तोवर तिथंच राहील. मालकाकडनं रजा घेतली.” कमर रिकामी होती. मी श्रेयाला फोन केला आणि रडले. सुखानं रडले.

खोटं बोलला होता. दुकानात गेलाच नव्हता. कपाटात फौजेची ट्रंक आहे, तिच्यात गणवेशाखाली ठेवलं होतं.

डोहाळजेवणाला घर बायकांनी भरलं. आतल्या खोलीत भिंतीला हिरवी साडी लावली, पुढं पाट, पाटावर श्रेया. हिरवी साडी, फुलांचे दागिने, तोंडावर तेज. बिल्किसनं बिर्याणी आणली, तिची सून हातावर मेंदी काढत होती. पुरुष माणसं बाहेर अंगणात खुर्च्या टाकून. व्याही, जावई, करीमभाई आणि घरधनी. बाहेरचं दार सताड उघडं, मधला दरवाजा लोटलेला, पातळ प्लायवूडचा.

बाहेर काय झालं ते मला नंतर करीमभाईनं सांगितलं. व्याह्यांनी सहज विचारलं, म्हणे काकासाहेब, आता पिस्तूल नाय तर चुकल्यासारखं वाटत असंल. त्यात करीमभाईनं थट्टा केली, “आता भाऊंना समजलं, खटक्यापेक्षा बायकोचं ऐकणं मोठी सेफ्टी.” सगळे हसले. जावईसुद्धा हसला. जावयाचं हसणं या माणसाला लागलं. उठला, मागच्या दारानं आत आला, ट्रंक उघडली. मी ओटीचं ताट लावत होते, माझ्या पाठीमागून गेला, मला कळलं नाय. परत बाहेर जाऊन खुर्च्यांपुढं उभा राहिला, पिस्तूल उजव्या हाताच्या दोन बोटांत वरून धरलेलं.

“हसताय ना. ओढ करीम, चाप ओढ.”

करीमभाई म्हणाला, “मी उंगली नाय लावणार. आत ठेवा, भाऊ. आत लेक बसलीय तुमची.”

“भितो व्हय. प्लास्टिकवाला.” म्हणून यानं स्वतःच डाव्या हाताचं बोट घातलं आणि चाप ओढला.

आत आम्ही ओटी भरत होतो. मी खण-नारळ तिच्या पदरात घालायला वाकले आणि फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. वाटलं, पोरांनी दिवाळीचा उरलेला फटाका लावला. मग दरवाज्याला एक भोक दिसलं, आणि श्रेयाच्या मागच्या हिरव्या साडीला दुसरं. तिच्या डोक्याच्या हातभर वर. भिंतीचा गिलावा तिच्या केसांतल्या फुलांवर पडला होता. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि माझ्याकडं बघत राहिली.

कुणाला लागलं नाय. लोक म्हणतात देवाची कृपा. मी काही म्हणत नाय.

प्रणयनं तिला उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. बाळ ठीक होतं. कुणीतरी पोलिसांना कळवलं होतं, ते आले. साहेबानं पिस्तूल रिकामं करवून घेतलं, रुमालात धरून बघितलं. मुठीमागची पट्टी आतच बसलेली होती. दाबायची गरजच नव्हती, ती बाहेर येतच नव्हती. साहेबानं तिच्या फटीत टाचणी घातली तर लाल चिखल निघाला. कुंकू, नारळाच्या पाण्यानं घट्ट झालेलं. आणि एक तांदळाचा दाणा. दसऱ्यापासून तो मुठीचा खटका उघडाच होता, आणि हा माणूस रोज मूठ आवळून धरत होता, खेळ दाखवायला मधे कुणी पाव्हणाही आला नव्हता, म्हणून त्याला कळलं नाय. अंगठ्याचा खटका तर यानं आधीच सोडून ठेवलेला. म्हणजे एवढं विलायती पिस्तूल, दोन-दोन सेफ्टी, आणि एकही लागलेली नाय. करीमभाई खाली बघत उभा होता. ‘मी सांगितलं होतं’ असं तो म्हणाला नाय, तेवढी अक्कल त्याला होती.

साहेबानं विचारलं, “नळीचं तोंड दाराकडं का केलं?”

काकासाहेब ताठ उभे राहिले, फौजेत उभे राहतात तसे. म्हणाले, “साहेब, माणसांकडं तोंड करायचं नाय, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी माणसांकडं धरलंच नव्हतं.”

मी दारात होते. मला ऐकू आलं. आत सगळ्या बायका होत्या. त्याची लेक होती, तिच्या पोटात त्याचा नातू नायतर नात होती. आणि हा माणूस खरंच मनापासून सांगत होता की त्यानं माणसांकडं धरलं नव्हतं. मी त्याच्या तोंडावर थुंकले नाय याचं मला अजून आश्चर्य वाटतं. साहेबापुढं जाऊन एवढंच म्हणाले, “साहेब, हे परत या घरात येऊ देऊ नका. कुठं सही करायची ती सांगा.”

पिस्तूल जप्त झालं. गुन्हा लागला, परवाना गेला, बिल्डरनं नोकरीवरून काढलं. गल्लीतलं कुणी ओट्यावर येईना. करीमभाईही येईना. काकासाहेब सकाळपासून ओट्यावर बसायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोरच्या रस्त्याकडं बघत. जेवायला वाढलं की जेवायचे. मला माया आली नाय. आली असती तर सांगितलं असतं.

मला मात्र एक बरं वाटत होतं. पिस्तूल गेलं. कायमचं गेलं. आता पोरगी येईल. मी भिंतीचं भोक सिमेंटनं बुजवून घेतलं, दरवाजा बदलला, बाळंतिणीची खाट आतल्या खोलीत लावली, डिंकाचे लाडू वळले. आठवा संपत आला तसा श्रेयाला फोन केला.

“ये आता, बाई. पिस्तूल नाय घरात. पोलिसांनी नेलं, परत मिळणार नाय. मी डोळ्यानं बघितलं.”

मागं तिच्या सासूचा कुकर वाजत होता.

“आई,” ती म्हणाली, “पिस्तूल गेलं गं. पण बाबा तर आहेत ना तिथं.”

मी फोन ठेवला. लाडवांचा डबा बंद केला. लेकीला मूल होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, असं आमच्यात मानतात. माझ्या आईनं पाळलं होतं, तिच्या आईनंही. मी दुपटी, लाडू, बाळंतकाढ्याच्या पुड्या, माझी दोन लुगडी एका पिशवीत भरली. पायात चपला घातल्या आणि बाहेर आले. बिल्किसला हाक मारून सांगितलं होतं, तिनं रिक्षा बोलावून ठेवली होती.

काकासाहेब ओट्यावरच होते. पिशवी बघितली, मग माझ्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत या माणसानं मला कधी काही विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं. त्या दिवशी विचारलं, आणि इतकं हळू की मला वाकून ऐकावं लागलं.

“आशा, मी पण येऊ का?”

“नाय,” म्हणाले मी, आणि रिक्षात बसले.